कोपऱ्यातली खुर्ची

ऑगस्ट २०२३ मध्ये आम्ही चौघे ठाण्याहून जर्मनीतील स्टुटगार्ट येथे राहायला आलो. नोकरी माझ्या पत्नीला मिळाली होती. मी माझी बँकेतील नोकरी सोडून, आठ वर्षांचा मुलगा आणि तीन वर्षांची मुलगी यांना घेऊन तिच्यासोबत आलो. त्यामुळे पहिले वर्षभर कागदपत्रे, शाळा, बाजार आणि शेजार ही सारी बाजू माझ्याकडे होती. परक्या देशात तुमचे बस्तान कसे बसले, असे कोणी विचारले की मला सर्वांत आधी मुलीच्या बालवाडीतील एक बुटकी लाकडी खुर्ची आठवते.

खुर्चीपर्यंत येण्याआधी कागदांचे सांगतो, कारण सुरुवात त्यांच्यापासूनच होते. घरात राहायला आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नागरी कार्यालयात जाऊन पत्त्याची नोंद करावी लागते, तिला ‘आनमेल्डुंग’ म्हणतात, आणि तिच्यासाठी ‘ही माणसे खरोखरच माझ्या घरात राहतात’ असे घरमालकाचे लेखी पत्र लागते. ही नोंद झाली की पुढची चाके हळूहळू फिरू लागतात: काही आठवड्यांनी टपालाने प्रत्येकाचा, अगदी तीन वर्षांच्या मुलीचाही, अकरा आकडी करक्रमांक येतो, आरोग्य विम्याची कार्डे येतात, आणि घरात दूरदर्शन संच नसला तरी प्रत्येक घराने भरायच्या प्रसारण शुल्काचे, दरमहा १८ युरो ३६ सेंटचे, पत्रही येते. येथील इमारतींत सदनिकांना बहुधा क्रमांक नसतात. टपालपेटीवर आणि घंटेवर आडनाव असते, आणि पोस्टमन ते वाचूनच पत्र टाकतो. आमच्या पेटीवर फक्त पत्नीचे आडनाव लावले गेले होते, कारण भाडेकरार तिच्या नावावर होता. माझे आडनाव वेगळे असल्याने माझे विम्याचे कार्ड परत गेले. कागदाच्या एका पट्टीवर माझे नाव लिहून ती पेटीवर चिकटवली, त्या संध्याकाळी मी दोन वेळा खाली जाऊन ती नीट बसली आहे ना, हे पाहून आलो.

आता बालवाडी. येथे तिला ‘किटा’ म्हणतात, आणि १ ऑगस्ट २०१३ पासून वर्षाच्या पुढच्या प्रत्येक मुलाला तिच्यात जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क आहे. प्रत्यक्षात जागा मिळवताना पालकांची दमछाक होते. आम्हाला ती मिळाली, कारण एक कुटुंब ऐन वेळी शहर सोडून गेले. पहिल्या दिवशी मुलीला दारात सोडून परत फिरायचे, या तयारीने मी गेलो होतो, तर तेथील ताईंनी मला आत बोलावून कोपऱ्यातल्या एका बुटक्या खुर्चीवर बसवले आणि सांगितले की पुढचे काही दिवस तुमची जागा ही. मूल रुळवण्याच्या या पद्धतीला ‘आइनगेव्योनुंग’ म्हणतात. तिचे बर्लिनमध्ये विकसित झालेले रूप जर्मनीभर वापरले जाते, आणि त्याचे नियम अगदी स्पष्ट आहेत. पहिले तीन दिवस पालक मुलाबरोबर तासभर येतो आणि दोघे एकत्रच घरी जातात. या तीन दिवसांत ताटातुटीचा प्रयत्नसुद्धा करायचा नाही. पालकाने मुलाला खेळायला पुढे ढकलायचे नाही, जवळ आले तर दूर करायचे नाही, मोबाइलमध्ये डोके घालायचे नाही. फक्त दिसत राहायचे. चौथ्या दिवशी निरोप घेऊन काही मिनिटे खोलीबाहेर जायचे, आणि मूल शांत होत नसेल तर लगेच परत यायचे. चौथा दिवस सोमवार असेल, तर तो प्रयत्न मंगळवारवर ढकलतात, कारण दोन दिवस घरी राहिलेल्या मुलाला सोमवार आधीच जड जातो.

त्या खुर्चीवर बसून मी जे पाहिले, ते मला अजून लख्ख दिसते. माझी मुलगी पहिल्या दिवशी माझ्या गुडघ्याला चिकटून उभी राहिली. दुसऱ्या दिवशी ती चार पावले गेली, एक लाकडी घोडा उचलला आणि तो घेऊन माझ्याकडे परत आली. तिसऱ्या दिवशी तिने तो घोडा ताईंना दाखवला, आणि दाखवताना वळून माझ्याकडे पाहिले. तिला कोणीही घाई केली नाही, आणि घाई न करणे हे तेथे कोणाच्या स्वभावावर सोडलेले नव्हते, ते वेळापत्रकात लिहिलेले होते. मी मात्र त्याच आठवड्यात स्वतःवर चिडत होतो की मला येऊन तीन आठवडे झाले, तरी दुकानात चार शब्द धड बोलता येत नाहीत, आणि बसथांब्यावर कोणी काही विचारले की माझे कान तापतात.

चौथ्या दिवशी, गुरुवारी, ताईंनी मला एक गोष्ट बजावली: निघताना तिला सांगून निघा. आपल्याकडे आपण याच्या नेमके उलट करतो. मुलाचे लक्ष खेळण्याकडे, खिडकीतल्या चिमणीकडे वेधतो आणि ते पाहून गुपचूप सटकतो. मीही ठाण्यात कचेरीला जाताना कितीदा तसे केले होते. ताईंचे म्हणणे असे की सांगून गेल्यावर मूल रडते, पण न सांगता गेल्यावर ते पुढे सतत पाहत राहते की बाबा आहेत की गेले. घरी निघताना तुम्ही कोणता शब्द वापरता, असे त्यांनी विचारले. मी म्हणालो, ‘येतो’. त्याचा अर्थ त्यांना सांगताना मला जरा थांबावे लागले, कारण निघणारा माणूस ‘येतो’ म्हणतो, हे मी आजवर कोणाला समजावून सांगितलेच नव्हते. त्यांनी तो शब्द वहीत लिहून घेतला. मी ‘येतो हं’ म्हणून दार ओढून घेतले, ती रडली, आणि बाहेरच्या बाकावर बसून मला आठवले ते मुंबई विमानतळ, जेथे आई-वडिलांना मी ‘पोचल्यावर फोन करतो’ एवढेच म्हणालो होतो आणि गर्दीचे निमित्त करून लवकर आत गेलो होतो.

हे रुळवणे पाच आठवडे चालले. ऑक्टोबरमध्ये ताईंनी ते पूर्ण झाल्याचे सांगितले, तेव्हा ती अजूनही सकाळी रडते, अशी शंका मी काढली. त्यावर त्या म्हणाल्या, ती रडते का, हे आम्ही पाहत नाही. रडू आल्यावर ती कोणाकडे जाते, हे पाहतो. आता ती आमच्याकडे येते.

मुलाचा प्रवास वेगळा होता. स्टुटगार्ट ज्या राज्यात आहे, त्या बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये जर्मन न येणाऱ्या मुलांसाठी शाळेतच पूर्वतयारी वर्ग असतो. तो त्या वर्गात बसे आणि गणिताला व खेळाला नेहमीच्या वर्गात जाई. त्याला गणित येत होते, पण आकडे उलटे पडत. जर्मन भाषेत त्रेपन्नला ‘तीन आणि पन्नास’ म्हणतात, आणि ठाण्यात इंग्रजी माध्यमात शिकलेला हा मुलगा ते ऐकून पस्तीस लिहून येई. हा गुंता माझ्या आईने फोनवरून सोडवला. ती म्हणाली, अरे, मग ते आपल्यासारखेच मोजतात की, त्रेपन्न म्हणजे आधी तीन आणि मग पन्नास, तू मराठीत ऐक. तिने त्याच्याकडून रोज एक पाढा म्हणून घेतला. पंधरवड्यात त्याचे आकडे सरळ झाले, आणि एकोणतीसमध्ये हा हिशोब जुळत नाही, येथे ते ‘नऊ आणि वीस’ म्हणतात, हे त्यानेच आजीला ऐकवले. मराठी पाढ्यांचा उपयोग स्टुटगार्टच्या शाळेत होईल, असे आम्हा कोणालाच वाटले नव्हते, आणि त्या शोधाचा आनंद घरात पुढे कितीतरी दिवस टिकला.

आमच्या इमारतीत सहा घरे आहेत, आणि पहिल्या मजल्यावर एक आजी एकट्या राहतात. सप्टेंबरच्या शेवटी एका शनिवारी आमच्या दाराच्या मुठीला एक लाकडी पाटी लटकलेली दिसली. तिच्यावर लिहिले होते ‘केरवोखे’. ‘वोखे’ म्हणजे आठवडा, आणि ‘केर’ हा भाग झाडणे या अर्थाच्या क्रियापदातून आलेला आहे. तो वाचून माझ्या पत्नीने दारातूनच हाक मारली की अहो, हा केराचा आठवडा आहे. दोन भाषांतला हा निव्वळ योगायोग असेल, पण तो शब्द आम्हाला पाठ करावा लागला नाही. स्टुटगार्टच्या आसपासच्या या श्वाबियन भागात जिना आणि आवार झाडण्या-पुसण्याची पाळी घरोघर फिरते, आणि ज्याची पाळी, त्याच्या दारावर पाटी असते. मी जिना झाडला, ओला फडका मारला, आणि आजी वर येऊन पायऱ्यांचे कोपरे बोटाने दाखवून गेल्या. त्यांच्या सांगण्यात राग नव्हता. कोपरे कसे काढायचे, हे त्यांनी स्वतः वाकून दाखवले, आणि मला त्यांच्या गुडघ्यांची काळजी वाटली.

त्या वर्षी धनत्रयोदशी १० नोव्हेंबरला, शुक्रवारी आली. सेंट मार्टिनचा दिवस ११ नोव्हेंबरला असतो, आणि तो शनिवारी येत असल्याने किटाची कंदील मिरवणूक आदल्या संध्याकाळी ठरली. मार्टिनने थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला आपला अर्धा झगा कापून दिला, त्याची आठवण म्हणून मुले स्वतः बनवलेले कागदी कंदील काठीला लावून अंधारात गाणी म्हणत चालतात. माझी मुलगी पिवळा कंदील घेऊन चालत होती, आणि घरी परतल्यावर आम्ही ठाण्याहून घडी करून आणलेला आकाशकंदील सज्जात टांगला. तिच्या दृष्टीने हे सगळे एकाच सणाचे होते. सकाळी आजींनी आकाशकंदिलाचे कौतुक केले आणि तुमचा मार्टिन फार मोठा आहे, असे म्हणाल्या. मी दिवाळी हा शब्द सांगितला, त्यांनी तो दोनदा म्हणून पाहिला. लक्ष्मीपूजन रविवारी होते आणि फुले आणायची राहून गेली होती. रविवारी येथे बहुतेक दुकाने बंद असतात. रविवारची विश्रांती जर्मनीच्या १९१९ च्या जुन्या, वायमार राज्यघटनेच्या १३९ व्या कलमात लिहिलेली आहे आणि आजच्या घटनेने ते कलम तसेच पुढे चालू ठेवले आहे. आम्ही आवारातल्या झुडपाच्या चार हिरव्या डहाळ्या देवापुढे ठेवल्या.

मग हिवाळा आला. डिसेंबरात सूर्य सकाळी आठनंतर उगवतो आणि साडेचारच्या सुमारास मावळतो. हिवाळ्यासाठी येथील घड्याळे तासभर मागे घेतल्यापासून भारताशी साडेचार तासांचे अंतर होते, त्यामुळे आई-वडिलांकडे रात्रीचे नऊ वाजलेले असत तेव्हा आमच्याकडे साडेचार, आणि फोनच्या दोन्ही टोकांना खिडकीबाहेर अंधार. जानेवारीपासून मी परदेशातून आलेल्यांसाठीच्या एकात्मता अभ्यासक्रमाला जाऊ लागलो. त्यात भाषेच्या सहाशे तासिका आणि देशाचा इतिहास, कायदा, समाज यांच्या शंभर तासिका असतात. सीरिया, युक्रेन, एरिट्रिया येथून आलेली माणसे माझ्या बाकावर होती. त्यांतील बहुतेकांनी मागे जे सोडले होते, त्याच्यापुढे माझी बँकेतली नोकरी सांगावीशी वाटत नसे, आणि मी ती सांगितलीही नाही.

फेब्रुवारीत आई न्हाणीघरात घसरून पडली आणि तिच्या खुब्याचे हाड मोडले. दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया होती. पत्नी कचेरीत, मुले शाळेत, आणि मी हातात फोन घेऊन, घरात बसवेना म्हणून जिन्याच्या पायरीवर बसलो होतो. आजी बाजाराची पिशवी घेऊन वर येत होत्या. त्यांनी काय झाले असे विचारले, आणि सहा महिन्यांत शिकलेल्या जर्मनपैकी मला फक्त दोन शब्द सापडले, ‘आई’ आणि ‘रुग्णालय’. पुढे मला बोलता आले नाही. त्यांनी पिशवी खाली ठेवली, कठड्याला धरून सावकाश माझ्या शेजारी बसल्या, आणि फोन येईपर्यंत, म्हणजे सुमारे चाळीस मिनिटे, तेथेच बसून राहिल्या.

शस्त्रक्रिया नीट झाली. त्या शनिवारी जिन्याची पाळी आमची होती. मी बादली घेऊन दार उघडले, तर मुठीवर पाटी नव्हती. खाली वाकून पाहिले, तेव्हा ती आजींच्या दारावर लावलेली दिसली आणि खालच्या पायऱ्या ओल्या होत्या. मी उरलेल्या पायऱ्या वरून पुसत उतरलो, कोपऱ्यांसकट.