हळकुंडाची टोके आणि ग्रिडमधील चौकोन

सांगलीच्या मार्केट यार्डातील एका अडत पेढीसाठी मी गेल्या हंगामात अँड्रॉइडवर चालणारे एक लहान ॲप तयार केले. सौद्याआधी बाहेरगावच्या खरेदीदारांना हळद आणि बेदाण्याचे नमुने मोबाइलवर पाहता यावेत, एवढाच त्याचा उद्देश आहे. नमुन्यांचे फोटो दोन रकान्यांच्या ग्रिडमध्ये दिसतात. हे काम दोन दिवसांत उरकेल असे मला वाटले होते. प्रत्यक्षात फोटोंचे माप बसवण्यातच तीन आठवडे गेले.

सुरुवातीला मी प्रत्येक कप्प्याची उंची फोटोवर सोडली होती. ओळीची उंची तिच्यातील सर्वांत उंच कप्प्याएवढी होत असल्यामुळे आडव्या फोटोशेजारी उभा फोटो आला की आडव्याखाली मोकळी जागा उरत असे. शिवाय फोटो उतरेपर्यंत कप्प्याला उंचीच नसल्यामुळे, तो आला की खालची सगळी यादी सरकत असे. खरेदीदाराने एका नमुन्यावर बोट टेकवावे आणि भलताच नमुना उघडावा, असे वारंवार घडू लागले. तेव्हा माझ्या लक्षात आले की कप्प्याचे माप पडद्यावरून ठरवायला हवे आणि फोटोने त्यात बसायला हवे.

त्याचा हिशेब सोपा आहे. डीपी म्हणजे पडद्यावर पिक्सेल कितीही दाट असले तरी जवळपास सारखेच दिसणारे अँड्रॉइडचे माप. सर्वसाधारण फोनच्या पडद्याची रुंदी ३६० डीपी धरली आणि दोन्ही कडांना व मधल्या फटीला प्रत्येकी १२ डीपी सोडले, तर ३२४ डीपी उरतात आणि प्रत्येक कप्प्याच्या वाट्याला १६२ डीपी येतात. इंचाला १६० पिक्सेल असलेल्या पडद्यावर एक डीपी म्हणजे एक पिक्सेल. इंचाला ४८० पिक्सेल असतील तर तीन. म्हणजे अशा फोनवर आपला चौरस कप्पा ४८६ पिक्सेल रुंद आणि तेवढाच उंच होतो. रकान्यांची संख्याही मी आता ठरावीक ठेवत नाही. कप्पा किमान १५० डीपी रुंद हवा, एवढी अट घातली की ८०० डीपी रुंदीच्या टॅबलेटवर चार रकाने आपोआप बसतात आणि प्रत्येक कप्प्याला १८५ डीपी मिळतात.

यानंतर मी सगळ्या फोटोंना सेंटरक्रॉप, म्हणजे कप्पा पूर्ण भरून कडेचा जादा भाग कापणारी मांडणी, लावले आणि ग्रिड एकदम नीटनेटके दिसू लागले. पेढीवरच्या काकांनी मात्र फोन हातात घेतला, दोन मिनिटे न्याहाळला आणि विचारले, "अहो, हळकुंडाची टोकं कुठं गेली?" ४००० बाय ३००० पिक्सेलचा आडवा फोटो चौरसात भरताना रुंदीचा एक चतुर्थांश भाग, म्हणजे दोन्ही बाजूंनी ५०० पिक्सेल, कापला जातो. नमुन्यात हळकुंडे आडवी मांडलेली होती. खरेदीदार त्यांची लांबी आणि जाडी पाहतो, आणि नेमकी तीच माहिती मी सुबकपणासाठी छाटून टाकली होती. बेदाण्याचे तसे नाही. ट्रेभर पसरलेल्या बेदाण्याचा रंग आणि दाण्याचा आकार मधल्या भागातही तितकाच कळतो. म्हणून आता बेदाण्याला सेंटरक्रॉप आणि हळकुंडांना फिटसेंटर (न कापता अख्खा फोटो कप्प्यात बसवणारी मांडणी), अशी निवड मालाच्या प्रकारानुसार होते. फिटसेंटरमुळे वर-खाली ज्या पट्ट्या उरतात, त्यांना मी फिकट राखाडी रंग दिला आहे, कारण पांढऱ्यावर हळदीचा पिवळा रंग मला ओळखू येण्याइतका वेगळा भासला.

या निवडीचा मेमरीशीही थेट संबंध आहे, आणि हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. फाइल दोन-तीन एमबीची असली तरी पडद्यावर मांडण्यासाठी फोटो उलगडला की प्रत्येक पिक्सेलला चार बाइट लागतात. म्हणजे वरच्या फोटोला ४८ एमबी. असे आठ फोटो एका वेळी आले की साध्या फोनवर ॲप बंदच पडे. बिटमॅप (पिक्सेलच्या रूपातला फोटो) उलगडतानाच तो दोनाच्या घातांत लहान करून घेता येतो. चारने भागला तर १००० बाय ७५० होतो आणि ३ एमबी घेतो. आठने भागला तर ५०० बाय ३७५ होतो आणि पाऊण एमबीत भागते. हळकुंडांच्या फोटोला कप्प्यात ४८६ बाय ३६४ एवढीच जागा मिळत असल्याने आठ चालतो. बेदाण्याच्या फोटोची लहान बाजू मात्र ४८६ पिक्सेल भरायला हवी. तिथे ३७५ अपुरे पडतात आणि दाणे धूसर दिसतात, म्हणून चारच घ्यावा लागतो.

उभ्या फोटोंसाठी आणखी एक काळजी घ्यावी लागते. अनेक फोन चित्र आडवेच साठवतात आणि ते फिरवून दाखवण्याची सूचना एक्झिफ नोंदीत, म्हणजे फोटोच्या फाइलमध्येच साठवलेल्या माहितीत, ठेवतात. ती न वाचता हिशेब केला तर रुंदी आणि उंचीची अदलाबदल होते. आता ती नोंद आधी वाचली जाते, कप्प्यावर टिचकी मारल्यावरच मोठा फोटो उतरतो, आणि पेढीवरची मुले नमुना मांडताना हळकुंडांच्या शेजारी फूटपट्टी ठेवतात. ग्रिडमध्ये तिचे दोन्ही शेवट दिसतात.