एकूण नग ६७

बिऱ्हाड हलवायचं ठरलं की पॅकर्सचा माणूस घर बघायला येतो, तेव्हा चहा विचारला तरी बसत नाही. उभ्याउभ्याच खोल्यांतून फिरतो, कपाटाचं दार उघडतो, दिवाणाची फळी उचलून आत डोकावतो, माळ्याकडे मान वर करतो आणि कागदावर लिहीत जातो: डबल बेड एक, स्टीलचं कपाट दोन, फ्रिज एक, खोकी अंदाजे चाळीस. ज्या खोक्यात लग्नाचा अल्बम जाणार तोही एक नग आणि ज्यात बंद पडलेली इस्त्री जाणार तोही एक नगच. मालवाहतुकीचा सगळा धंदा नगांवर चालतो. पंधरा वर्षांच्या संसाराची बिल्टीवर, म्हणजे मालवाहतुकीच्या पावतीवर, नोंद होते ती एका ओळीत: वापरलेलं घरगुती सामान, एकूण नग ६७.

वाईट वाटून घेण्यात अर्थ नाही, कारण पैसे आपण या नजरेचेच मोजतो. घरातलं माणूस बांधाबांध करायला बसलं की तासाभराने तोच अल्बम मांडीवर घेऊन बसलेलं सापडतं. पॅकर्सच्या पोरांना अल्बमात काडीचा रस नसतो. चार जणांची टोळी सकाळी नऊला घरात शिरली की दोन बेडरूमचं घर दुपारी तीनच्या सुमाराला खोक्यांत गेलेलं असतं आणि संध्याकाळी पाचला गाडी भरून तयार असते.

पाहणी मात्र फोनवर उरकू नये. ‘टू बीएचके आहे, नेहमीचंच सामान’ या वाक्यातून काहीच कळत नाही. नव्या जोडप्याचं टू बीएचके पिकअपमध्ये मावतं, तीन पिढ्यांचं सतरा फुटी गाडीतही दाटीवाटीने बसतं. ढोबळ हिशेब असा: एका खोलीच्या बिऱ्हाडाला छोटा हत्ती, म्हणजे जेमतेम सात फुटांचा हौदा; वन बीएचकेला पिकअप; टू बीएचकेला चौदा फुटी गाडी, जिच्यात चौदा बाय सहा बाय सहा धरले तर पाचशे घनफूट जागा मिळते. अंदाज चुकतो तो नेहमी दोनच ठिकाणी, माळ्यावर आणि बाल्कनीत. आईने दिलेली पितळेची पातेली, गणपतीच्या मखराचं सामान, कूलर, मुलाची लहानपणची सायकल हे फोनवर कुणालाच आठवत नाही. मग गाडी भरता भरता हौदा संपतो आणि दर वाढतो. व्हिडिओ कॉलवर पाहणी करायची तर माळा, दिवाणाचं पोट आणि गल्लीचं तोंड ही तीन ठिकाणं आवर्जून दाखवावीत. चौदा फुटी गाडी पेठेतल्या बोळात शिरत नाही. मग छोट्या गाडीने माल मोठ्या गाडीपर्यंत न्यावा लागतो, म्हणजे प्रत्येक नग दोनदा जास्त हाताळला जातो. फुटतूट होते ती अशा हाताळण्यातच. घाटातल्या वळणांना उगाच दोष देतात.

बांधणीची सुरुवात चांगली टोळी स्वयंपाकघरापासून करते, कारण वेळ तिथेच सर्वांत जास्त जातो. तिथे पाच मिनिटं उभं राहून बघितलं तरी टोळी कसलेली आहे की कालच जमवलेली, हे कळतं. पाच पदरी पुठ्ठ्याच्या खोक्याच्या तळाला आधी चुरगळलेल्या कागदाची दोन-तीन इंचांची गादी झाली पाहिजे. काचेच्या किंवा चिनी मातीच्या बशा एकावर एक आडव्या रचणारा पोरगा दिसला की त्याला थांबवावं. आडव्या चळतीत खड्ड्याचा सगळा दणका सर्वांत खालच्या बशीच्या मधोमध बसतो. त्याच बशा कागदात गुंडाळून पुस्तकांसारख्या कडेवर उभ्या लावल्या तर दणका काठावर झेलला जातो, आणि बशीचा काठ तिच्या पोटापेक्षा कितीतरी मजबूत असतो. कपाच्या कानाला वेगळा कागद लागतो. खोकं बंद केल्यावर हलकेच हलवायचं. आत खुळखुळलं तर ते पुन्हा उघडायचं. चांदीला आणि पांढऱ्या भांड्यांना छापील वर्तमानपत्र लावू देऊ नये, शाईचे डाग घासता घासता नाकी नऊ येतात. मिसळणाच्या डब्याला मात्र उचकटायचं काही कारण नाही. झाकणावर एक कागद ठेवून अख्खा डबा स्ट्रेच फिल्ममध्ये गुंडाळला की हळद मोहरीत जात नाही. फक्त तो सपाटच राहिला पाहिजे, म्हणून तो गाडीत न देता आपल्या पिशवीत बरा.

पुस्तकांचं खोकं लहानच हवं. मोठ्या खोक्यात पुस्तकं भरली की वजन तीस-पस्तीस किलोंवर जातं आणि जिन्याच्या वळणावर तळ उघडतो. वीस किलोंच्या आत, तळाला आणि वर इंग्रजी एच आकारात चिकटपट्टी, मोठ्या खोक्यांत उशा, पांघरुणं आणि खेळणी. यापेक्षा मोठं शास्त्र त्यात नाही.

आता त्या निर्विकार नजरेची दुसरी बाजू. पहिल्या दोन-तीन वस्तूंना पोरं विचारतात, ‘मॅडम, हे पण घ्यायचं का?’ त्यानंतर विचारत नाहीत, जे दिसेल ते बांधतात. कचऱ्याचा डबा कचऱ्यासकट बांधला जातो, हा विनोद नाही. पॅकर्स आलेल्या बऱ्याच घरांत हे घडतं. अर्धा प्यायलेला चहाचा कप, नव्या घराची किल्ली, गाडी निघाली की लागणारी मोबाइलची वायर, सगळं बबल रॅपमध्ये जाऊन बसतं. काय टाकायचं आणि काय ठेवायचं हा निर्णय त्यांनी घ्यायचा नसतो. त्याचे पैसे आपण दिलेलेच नसतात. म्हणून आदल्या रात्री एक बाथरूम रिकामं करून त्याला बाहेरून कडी लावावी आणि दारावर ‘उघडू नये’ असा कागद चिकटवावा. आत दागिने, कागदपत्रं, औषधं, चार्जर, किल्ल्या, दोन दिवसांचे कपडे आणि एक कटर. देव बहुतेक घरांत कुणी गाडीत देतच नाही, ते मांडीवर बसून जातात. स्वयंपाकाचा गॅस पॅकर्स नेत नाहीत आणि कुणी तयार झालाच तरी देऊ नये. दुसऱ्या गावी जायचं तर सिलिंडर आणि रेग्युलेटर आपल्या वितरकाकडे जमा करून कागद घ्यावा लागतो, आणि हे काम आठवडाभर आधी सुरू केलेलं बरं. तेल, लोणचं, फिनेल, रंगाचे डबे हेही गाडीत देऊ नयेत. एका लोणच्याच्या बरणीत चार खोकी कपडे रंगवायची ताकद असते.

यंत्रांच्या बाबतीत तर नग म्हणून बघणं महागात पडतं. समोरून दार असलेलं वॉशिंग मशीन घ्या. आतला ड्रम स्प्रिंगांवर टांगलेला असतो. कारखान्यातून मशीन येतं तेव्हा पाठीमागे तीन किंवा चार लांब बोल्ट घालून तो जखडलेला असतो. बसवायला आलेला माणूस ते बोल्ट काढतो, भोकांवर प्लास्टिकच्या टोप्या दाबतो आणि सांगतो, ‘हे जपून ठेवा.’ आपण ते इतकं जपून ठेवतो की पुढच्या बिऱ्हाडापर्यंत कुठे ठेवले ते कुणालाच आठवत नाही. ते न लावता मशीन गाडीत चढलं तर पाचशे किलोमीटरभर ड्रम आत आपटत राहतो. स्प्रिंग निसटतात, शॉक ॲब्सॉर्बर वाकतात, आणि नव्या घरी पहिल्याच धुण्याला मशीन न्हाणीघरभर चालत सुटतं. बाहेरून मात्र ओरखडासुद्धा नसतो. बोल्ट सापडेनात तर त्या मॉडेलचे मागवावेत. मशीन भरण्याआधी खालच्या छोट्या झडपेतून फिल्टरमधलं पाणी काढायचं, नाहीतर ते शेजारच्या खोक्यात उतरतं.

फ्रिज आदल्या दिवशी बंद करून उघडा ठेवावा, म्हणजे बर्फ वितळून मागच्या तसराळ्यातलंही पाणी टाकता येतं. तो उभाच जायला हवा. आडवा झाला तर कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत शिरतं, आणि मग नव्या घरी कित्येक तास उभा ठेवूनच सुरू करावा लागतो. स्प्लिट एसी काढणं हे पॅकरचं काम नाही, कोटेशनमध्ये काहीही लिहिलेलं असो. मेकॅनिक आधी एसी चालू ठेवून बारीक नळीचा व्हॉल्व्ह बंद करतो, सगळा गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून घेतो, मग जाड नळीचा व्हॉल्व्ह बंद करतो. ज्याने थेट पाना लावला त्याने गॅस हवेत सोडला असं समजायचं. टीव्ही नेहमी उभा, आणि मूळ खोकं असेल तर त्यातच.

स्टीलचं कपाट आणि सागवानी पलंग चार घरं सहज फिरतात. दुकानातून तयार आणलेल्या पार्टिकल बोर्डाच्या, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाच्या, वॉर्डरोबचं तसं नाही. त्यातले फळ्या जोडणारे मिनीफिक्सचे स्क्रू भुशात रुतलेले असतात. दुसऱ्यांदा उघडले की भोक सैल होतं आणि तिसऱ्यांदा दार लोंबायला लागतं. असं कपाट लिफ्टमध्ये मावत असेल तर न उघडता न्यावं, नाहीतर जुन्या बाजारात देऊन टाकावं. ज्या फर्निचरचे स्क्रू निघतील ते पिशवीत घालून त्याच फर्निचरला चिकटवायचे. ‘सगळे स्क्रू एका डब्यात’ ही कल्पना दुपारपर्यंत छान वाटते.

पैशांचा भाग थोडक्यात, पण नीट वाचण्यासारखा. कोटेशनमध्ये ‘इन्शुरन्स’ म्हणून मालाच्या सांगितलेल्या किमतीवर दीड ते तीन टक्के लावलेले असतात. ते बऱ्याचदा विमा नसून एफओव्ही असतं, म्हणजे वाहतूकदाराने स्वतःच घेतलेली जोखीम. विमा खरा असेल तर विमा कंपनीच्या नावाचा कागद मिळतो. त्यावर ‘ए’ कलम आहे की ‘बी’ हे बघावं. ‘बी’मध्ये आग लागली, गाडी उलटली किंवा धडकली तरच भरपाई, हाताळताना फुटलेली काच त्यात येत नाही. ती ‘ए’मध्ये येते. पण वरून धड दिसणारा टीव्ही लागलाच नाही, अशा आतल्या बिघाडाला बहुतेक पॉलिसी हात वर करतात, आणि घरच्यांनी स्वतः भरलेल्या खोक्यांचा दावाही सहसा फेटाळला जातो. नुकसानीसाठी वाहतूकदारावर दावा लावायचा तर २००७च्या रस्तेवाहतूक कायद्याप्रमाणे माल बुक केल्यापासून १८० दिवसांत त्याला लेखी नोटीस द्यावी लागते. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल लागत नाही. वाटेत त्या नावाखाली कुणी पैसे मागितले तर ते देऊ नयेत.

सर्वांत स्वस्त कोटेशनमागे बहुधा दोनच गोष्टी असतात. एक, माल पार्ट लोडमध्ये जाणार, म्हणजे पुण्याहून नागपूरला निघालेले आपले नग वाटेत एखाद्या गोदामात उतरून दुसऱ्याच गाडीत चढणार. हे आधी सांगितलं असेल आणि आठवडाभर कळ काढता येत असेल तर त्यात गैर काही नाही. दुसरी गोष्ट वाईट: माल गाडीत चढल्यावर रक्कम वाढते आणि ड्रायव्हर फोन उचलेनासा होतो. म्हणून जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर तपासावा, आगाऊ रक्कम दहा-वीस टक्क्यांवर जाऊ देऊ नये, ती कुणाच्या खासगी खात्यात टाकू नये, आणि गाडी हलण्याआधी तिच्या नंबरासकट बिल्टी हातात घ्यावी.

उतरवताना घरातल्या एकाने दारात यादी घेऊन उभं राहायचं, दुसरं काही करायचं नाही. नग आत आला की त्याच्या क्रमांकावर खूण. सही मागणारा पोरगा घाईत असतो, रात्र झालेली असते, त्याला दुसरी गाडी भरायला जायचं असतं. तरी काही फुटलं असेल, नग कमी असेल, तर ते त्यांच्या प्रतीवर लिहूनच सही करायची. पलंग जोडणं आणि खोकी सोडणं कोटेशनमध्ये आहे का, हे त्याच्या आधीच बघितलेलं बरं. रिकामी खोकी परत नेणंही त्यात लिहून घ्यावं. ते राहून गेलं तर चाळीस खोकी चपटी करून, सुतळीने बांधून आधी बाल्कनीत आणि मग माळ्यावर जातात. ‘असू दे, पुढच्या वेळी लागतील’ असं कुणीतरी म्हणतंच, आणि भाड्याचा करार अकरा महिन्यांचा असल्यामुळे त्याला खोटं पाडता येत नाही.