म्हणे तुमचीच पहिली केस

बाईक बीएस सिक्स (नव्या प्रदूषण नियमांची, इंजेक्शनवाली), घेऊन दीड वर्ष झालेलं आणि सकाळी सेल्फ मारला की नुसतं टकटक. सर्व्हिस सेंटरला नेली तर सुपरवायझर म्हणे सर बॅटरी गेली, ती वॉरंटीत बसत नाही, नवीन टाका. टाकली. पंधरा दिवसात तीपण झोपली, नेमकी खंबाटकी घाटाच्या अलीकडे, आणि इंजेक्शनवाल्या गाडीची बॅटरी पार मेली की धक्का मारूनही काही होत नाही कारण पेट्रोलच्या पंपालाच करंट नसतो, शेवटी टेम्पोत घालून आणली.

मग सर्व्हिस सेंटरवाल्यांनी गाडीच्या कॉम्प्युटरमधला बिघाडाचा कोड वाचणारा स्कॅनर लावला. कोड आला पी ०५६२, म्हणजे व्होल्टेज कमी. अरे ते मलापण माहितीये! का कमी आहे ते स्कॅनर सांगत नाही. बॅटरी चार्ज केली, कोड पुसला, मीटरवरचा इंजिनचा लाईट गेला, गाडी ओके म्हणून परत.

तिसऱ्यांदा मी तिथेच उभा राहिलो. एका पोरसवदा मेकॅनिकने मल्टिमीटर काढला. गाडी चालू, बॅटरीवर १२.३ व्होल्ट, पाच हजार आरपीएमला रेस दिली तरी १२.४. दादा १४ च्या आसपास जायला पाहिजे, म्हणाला. मग स्टेटरकडून (इंजिनमधली करंट बनवणारी कॉइल) येणाऱ्या तीन पिवळ्या वायरींचा कपलर सोडून दोन-दोन वायरींत एसी व्होल्टेज मोजला, तिन्ही जोड्यांत सारखा, एकही वायर बॉडीला शॉर्ट नाही. म्हणजे स्टेटर ठीक, राहिला रेग्युलेटर, जो तो करंट बॅटरीला चालेल असा करून चार्जिंगला देतो. त्याच्या कपलरची एक पिन तर जळून काळी. मग हळूच म्हणाला, ह्या मॉडेलच्या चार-पाच गाड्या अशाच आल्यात, कंपनीचं सर्क्युलरपण आलंय.

सुपरवायझरला विचारलं तर "असं काही नाही सर, तुमचीच पहिली केस". पोराचं नाव घेतलं असतं तर त्याचीच वाट लागली असती, म्हणून मी एवढंच म्हटलं की मोजलेले आकडे जॉब कार्डवर लिहा आणि रेग्युलेटर वॉरंटीत देणार नसाल तर का ते लिहून सही करा, मी कंपनीच्या एरिया मॅनेजरला पाठवतो. अर्ध्या तासात पार्ट निघाला, तोही स्टॉकमधूनच. पहिली केस म्हणे!

नवीन पार्टचा नंबर जुन्याशी ताडून बघितला, शेवटचं अक्षर बदललेलं, म्हणजे कंपनीने पार्टच बदललाय. सुपरवायझरला दाखवलं, तो नुसता हसला. आता रेसला १४.२ येतंय. जॉब कार्डवर लिहिलंय 'कस्टमरच्या विनंतीवरून रेग्युलेटर बदलला'. बॅटरीचे पैसे परत मागितलेत, बघू.