तुम्ही विचारलंत म्हणून : यादीत 'टीन वुल्फ' का?

आमच्या फिल्म सोसायटीत दर डिसेंबरला प्रत्येकाने आपले आवडते 10 सिनेमे लिहून द्यायचे असतात. माझ्या यादीत गेली कित्येक वर्षं 1985 चा 'टीन वुल्फ' असतो आणि दरवर्षी कुणीतरी विचारतंच. वरखाली सगळे मोठे दिग्दर्शक, आणि मध्येच हा लांडगा झालेला, बास्केटबॉल खेळणारा शाळकरी पोरगा कुठून आला? 'लहानपणीची आठवण आहे' म्हणून मी आजवर विषय बदलत आले. यंदा विचारणाऱ्या मुलीने माझ्या वतीने उत्तरही देऊन टाकलं : 'गिल्टी प्लेझर असेल ना, मॅडम?' आवडतो पण सांगायला लाज वाटते, तसं ते नाही. म्हणून एकदा नीट सांगते.

सिनेमा उत्तम आहे असा माझा दावा नाही. बास्केटबॉलच्या प्रसंगांत नायक स्कॉट झालेल्या मायकेल जे. फॉक्सच्या जागी दुसराच कुणी पळतोय हे लपत नाही. शेवटच्या दोन फ्री थ्रोंच्या वेळी प्रतिस्पर्धी मिक थेट बास्केटखाली उभा राहतो, ते कुठल्याच नियमात बसत नाही. आणि स्कॉट आपलं गुपित मित्राला सांगायला जातो तेव्हा मित्र समलिंगी मुलांसाठीची एक घाणेरडी शिवी वापरतो, तसला असलास तर मला झेपणार नाही म्हणतो. आपण वेगळे आहोत हे सांगायला आलेल्या मुलाच्याच सिनेमात हे आहे. त्याचं समर्थन मला करता येत नाही, करायचंही नाही.

तो चालला कसा, याचं सरळ उत्तर ठाऊक आहेच. 'बॅक टू द फ्यूचर' 3 जुलैला लागला, फॉक्स रातोरात स्टार झाला, आणि त्याआधीच चित्रित झालेला हा छोटा सिनेमा 23 ऑगस्टला आला. एकट्या अमेरिकेत 3 कोटी 30 लाख डॉलरच्या आसपास कमाई झाली. पण यातून कळतं ते 1985 चं. चाळीस वर्षांनंतरही लोक त्याच्याकडे परत का जातात, ते यातून कळत नाही. इतरांचं मी सांगू शकत नाही. माझं सांगते.

तेराव्या वर्षी मला मिसरूड फुटलं.

हा शब्द आपण मुलग्यांसाठी राखून ठेवलाय, पण दुसरा शब्द नाही. ओठांवर लव सगळ्याच मुलींना असते, असं घरी सांगायचे. माझी लव नव्हती. काळे केस होते, हनुवटीवरही होते.

डिसेंबर 1988, नववीचं स्नेहसंमेलन. शाळा मुलींची, त्यामुळे ऐतिहासिक नाटकात पुरुषांच्या भूमिकाही मुलींनीच करायच्या. मला किल्लेदाराची भूमिका मिळाली होती आणि मी खूश होते, कारण एक लांब स्वगत होतं आणि माझं पाठांतर पक्कं होतं. मेकअपवाले काका बाहेरगावाहून आले होते. आठवी 'ब'च्या वर्गात त्यांनी पत्र्याची पेटी उघडली. स्पिरिट गमचा वास सगळ्या वर्गात भरला. मुली ओळीने उभ्या. एकेकीच्या ओठांवर काका गम लावायचे, मिशी चिकटवायचे, ओल्या फडक्याने दाबायचे, की बाकीच्या टाळ्या वाजवायच्या. मावळे होत होते, सरदार होत होते. गुदगुल्या होतात म्हणून कुणी किंचाळायचं.

माझा नंबर आला. काकांनी ब्रश उचलला. बाई मागे उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, 'हिला नको. हिची घरचीच आहे. नुसती काजळाने ठळक करा.'

आधी कुणी हसलं नाही. काकांनी माझ्याकडे पाहिलं, हातातला ब्रश परत बाटलीत ठेवला. मग मागून एक हुंदक्यासारखं हसू आलं आणि मग सगळा वर्ग हसला. बाईही हसल्या. मला वाटतं, त्यांना ते लागण्यासारखं काही वाटलंच नसावं. वीस मुली, एक मेकअपवाला, सातला पडदा वर जायचा होता, त्यांनी एक मिशी वाचवली. इतकी वर्षं मी त्यांची बाजू अशी मांडत आलेय. आज लिहिताना वाटतं, माझ्याकडे त्यांची बाजू मांडायचं काम कुणी दिलं होतं?

काकांनी काजळ लावलं. हात हलका होता त्यांचा. काही बोलले नाहीत.

मी स्वगत न चुकता म्हटलं. टाळ्या पडल्या, अभिनयाचं पहिलं बक्षीस मिळालं, स्टीलचा डबा. ते मला आवडलं, हे मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. तेवढे तीन तास तो चेहरा माझ्या उपयोगाचा होता. नंतर मुली एकमेकींच्या मिशा ओढून काढत होत्या, हातात घेऊन नाचवत होत्या. मी नळाखाली तोंड धुतलं. काजळ गेलं. दहावी संपेपर्यंत माझं नाव 'किल्लेदार' होतं.

आई प्रेक्षकांत होती. घरी आल्यावर तिने मीठमोहऱ्यांनी माझी दृष्ट काढली. काही विचारलं नाही. पुढच्या रविवारी मात्र डाळीचं पीठ, हळद आणि साय घेऊन बसली आणि ओठांवर इतकं घासलं की तीन दिवस तिथे सालपटं होती.

मे 1989 मध्ये दादाने एका रात्रीसाठी व्हीसीआर भाड्याने आणला. दोन हिंदी कॅसेटी, आणि तिसरी ही, 'बॅक टू द फ्यूचर'मधलाच हिरो आहे म्हणून. ती लावेपर्यंत मध्यरात्र उलटली होती. बाबा झोपले होते. आई इंग्रजी न कळताही बसली होती, वाती वळत.

तुम्हाला तो प्रसंग आठवत असेल. स्कॉट बाथरूममध्ये कोंडून घेतो, आरशासमोर त्याच्या चेहऱ्यावर, हातांवर केस उगवतात. बाहेरून वडील दार उघड म्हणतात. तो नको म्हणतो. शेवटी दार उघडतो, आणि समोर वडीलही तसेच उभे असतात, केसाळ, लांडगा झालेले. मग ते त्याला सांगतात की हे कधीकधी एक पिढी सोडून जातं, तुला होणार नाही अशी मला आशा होती.

दादा हसून लोळत होता. थिएटरांतही लोक हसलेच असतील, प्रसंग विनोदीच आहे. मी हसले नाही. कोंडून घेतलेल्या मुलाच्या दाराबाहेर त्याच्यासारखाच माणूस उभा असू शकतो, ही शक्यता मला त्याआधी सुचलीच नव्हती. मी आईकडे पाहिलं. ती वातीच वळत होती.

माझं उत्तर खरं तर एवढंच आहे. मोठ्या दिग्दर्शकांनी मला पुष्कळ दिलं, पण ते दार या सिनेमाने उघडलं.

पुढचं मात्र गुंतागुंतीचं आहे. स्कॉट लांडगा म्हणून शाळेत लोकप्रिय होतो, आणि शेवटच्या सामन्यात लांडगा न होता, साधा स्कॉट म्हणून खेळून जिंकतो. तू जसा आहेस तसा राहा, हा त्याचा संदेश. चौदाव्या वर्षी मला तो शेवट फार आवडला. गुळगुळीत चेहऱ्याने जिंकायचं, बस. त्या सुट्टीत मी चोरून केस काढायच्या क्रीमची, ॲन फ्रेंचची ट्यूब आणली. तिशीत मला त्याच शेवटाचा राग आला. 'जसा आहेस तसा' म्हणजे बिनकेसांचा, हे कुणी ठरवलं? केसही त्याचेच होते, वडिलांकडून आलेले, घरचे. मधल्या काळात डॉक्टरांनी माझ्या शरीरावरच्या 9 जागांना केसांच्या दाटपणाप्रमाणे 0 ते 4 असे गुण दिले होते, बेरीज केली होती, पीसीओएस (हार्मोन्सच्या बिघाडाचा एक विकार) हे नाव दिलं होतं, गोळ्या दिल्या होत्या. माझ्या बाजूने बोलणारा एकच सिनेमा, आणि तोही शेवटच्या दहा मिनिटांत पलीकडे जाऊन उभा राहिला, असं वाटायचं.

आता तेही पुरतं पटत नाही. टाळ्या केसांना मिळत होत्या आणि त्याला त्या नको झाल्या, हे मला कळतं. स्टीलचा डबा मीही कधी स्वयंपाकघरात वापरला नाही. पण तरी.

2011 मध्ये आई हॉस्पिटलमध्ये होती. हात उचलत नव्हता. संध्याकाळी भेटायची वेळ व्हायच्या आधी तिने मला जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाली, 'पर्समध्ये चिमटा आहे. हनुवटीवरचे काढ गं. लोक येतील आता.' मी खिडकीजवळ तिचा चेहरा उजेडात धरला. चार-पाच नव्हते, पुष्कळ होते, जाड, पांढरे. रविवारी न्हाणीघराचं दार इतका वेळ का बंद असायचं आणि नंतर आत ब्लीचमधल्या अमोनियाचा वास का यायचा, हे मला छत्तिसाव्या वर्षी कळलं. मी काढत राहिले. ती डोळे मिटून होती. म्हणाली, 'तुला होऊ नये म्हणून सगळं केलं मी.'

गेल्या महिन्यात भाची राहायला आली होती, दादाची मुलगी, पंधरा वर्षांची. बोलताना सारखी ओठांवर हात ठेवत होती. मी काही विचारलं नाही, सिनेमा लावला. बाथरूमचं दार उघडलं तिथे थांबवला आणि तिला किल्लेदाराची गोष्ट सांगितली, आजीचीही. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, 'आत्या, मग तू अजून थ्रेडिंग का करतेस?' आदल्याच दिवशी करून आले होते, ओठांवर लाली होती अजून. मला उत्तर देता आलं नाही. तिने रिमोट घेतला आणि सिनेमा पुढे सुरू केला.