हार्डडिस्क, टेबलफॅन आणि तीन रात्री

मागच्या महिन्यात ताईचा फोन आला, माझ्या लग्नाचे फोटो पाठव रे, अॅनिव्हर्सरीला स्टेटसला टाकायचेत. म्हटलं देतो, त्यात काय. कपाटातून हार्डडिस्क काढली, 1 टीबीची, 2013 ला घेतलेली, जुन्या मोज्यात गुंडाळून ठेवलेली (हसू नका, तुमच्याकडेही असेलच). लॅपटॉपला लावली तर दिवा लागला, घुर्र झालं, आणि विंडोज दोन मिनिटं विचार करून म्हणतं, डिस्क वापरायची तर आधी फॉरमॅट करा.

मग सगळे करतात तेच मीपण केलं. काढ, घाल, दुसरी केबल, दुसरा पोर्ट, परत काढ परत घाल. चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करणारं टूल) मारणारच होतो तेवढ्यात ऑफिसातला मित्र फोनवर ओरडला, हात लावू नकोस त्याला! कारण चेकडिस्कला तुमच्या फोटोंशी काही घेणंदेणं नसतं, त्याला फाइल सिस्टम, म्हणजे कुठली फाइल कुठे आहे त्याच्या नोंदी, जुळवायची असते, आणि ते तो त्याच मरायला टेकलेल्या डिस्कवर लिहून करतो, एखादी नोंद तुटकी दिसली की सरळ उडवून मोकळा. दाजींचा सल्ला त्याहून भारी, झिपलॉकमध्ये घालून फ्रीजरमध्ये ठेव म्हणे. अहो दाजी, आतलं हेड तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं, बाहेर काढल्यावर तिथे दव धरलं तर उरलंसुरलं पण गेलं.

स्मार्ट रिपोर्ट, म्हणजे डिस्क स्वतःच ठेवते तो तब्येतीचा रिपोर्ट, काढला तर 197 नंबरच्या ओळीत, म्हणजे करंट पेंडिंग सेक्टरमध्ये, 312. म्हणजे एवढे सेक्टर (डेटा साठवायचे बारीक कप्पे) डिस्कला वाचताच येत नव्हते. पण कट् कट् असा आवाज नव्हता, तेच नशीब. तो आला असता तर तिथेच बंद करून लॅबवाल्याकडे जावं लागलं असतं, ते घरचं काम नाही. केसिंग फोडून आतली डिस्क सरळ कॉम्प्युटरच्या साटा कनेक्टरला लावू असंपण डोक्यात आलं, पण बऱ्याच पोर्टेबल डिस्कमध्ये यूएसबी बोर्डावरच सोल्डर केलेलं असतं, काहींत तर डेटा त्या बोर्डावरच एन्क्रिप्ट होतो, मग फोडून हातात काय येणार, कप्पाळ.

शेवटी उबंटूचा लाइव्ह पेनड्राइव्ह (विंडोजऐवजी थेट पेनड्राइव्हवरून चालणारं लिनक्स) आणि डीडीरेस्क्यू, म्हणजे मरायला टेकलेल्या डिस्कची कॉपी काढणारं टूल. हे प्रकरण मला जाम आवडलं. साधी कॉपी करताना एक खराब सेक्टर लागला की सगळं तिथेच डोकं आपटत बसतं. हा तसा नाही, वाट अडली की पुढे उडी मारतो, सोपं ते सगळं आधी उचलतो आणि कुठे काय राहिलं ते मॅपफाइलमध्ये टिपून ठेवतो. आधी मायनस एन देऊन चालवायचा, म्हणजे खराब जागा सेक्टर सेक्टर करून खरवडायचं काम नंतरसाठी राहतं. ती मॅपफाइल चांगल्या डिस्कवर ठेवा बरं का, लाइव्ह पेनड्राइव्हवर चालवताना ती रॅममध्ये राहिली तर रीस्टार्टला गायब. आणि कॉपी घ्यायची नवी डिस्क फॅट32 फॉरमॅटची नको, त्यात 4 जीबीच्या वरची फाइल बसतच नाही, इथे तर अख्ख्या 1 टीबीची एकच इमेज, म्हणजे जशीच्या तशी कॉपी असलेली फाइल, होते.

पहिल्या रात्रीत बहुतेक सगळं आलं. डिस्क तापत होती म्हणून टेबलफॅन लावला, तर आई म्हणते आम्ही घामाने निथळतोय आणि फॅन त्या डबीला. दुसऱ्या रात्री अडीचला लाइट गेली. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेलीये, त्यामुळे सगळंच बंद. लाइट आल्यावर तीच कमांड परत दिली तर गडी थांबला होता तिथूनच सुरू! तिसरी रात्र नुसती खरवडण्यात गेली, आकडा तासन् तास हलेना, शेवटी 99.98 टक्क्यांवर थांबवलं. ऐकायला भारी, पण 1 टीबीत राहिलेलं तेवढंसं म्हणजे साधारण 200 एमबी.

इमेजची अजून एक कॉपी केली आणि टेस्टडिस्क (हरवलेले फोल्डर, फाइल शोधून देणारं टूल) त्या कॉपीवर चालवलं, फोल्डर नावांसकट दिसले. नसते दिसले तर फोटोरेक हे दुसरं टूल होतंच, पण ते फोटो काढून देतं, मूळ नावं नाही, मग हजारो फोटो बघत बसा कुठला कोणाचा.

लग्नाच्या फोल्डरमधला एकच फोटो फाटका निघाला, नेमका मंगलाष्टकांचा. वरचा अर्धा व्यवस्थित, मुंडावळ्या, फेटा, मामांचा हात, आणि खाली सगळं सपाट राखाडी, जणू अंतरपाट अजून खाली घेतलाच नाहीये. ताईने स्टेटसला तोच टाकला.