थरथर नसलेला पार्किन्सन्स

"हात तर थरथरत नाही त्यांचा, मग पार्किन्सन्स कसा?" हे मला नातेवाइकांपासून सोसायटीच्या वॉचमनपर्यंत सगळ्यांनी विचारून झालंय. माझ्या सासऱ्यांना, बाबांना, खरंच थरथर नाही. त्यांचं सुरू झालं खांदा धरण्यापासून, मग बरेच महिने फ्रोजन शोल्डर समजून शेक आणि व्यायाम चालले, तोवर अक्षर बारीक होत गेलं, बँकेत सही जुळेना, आवाज खाली गेला, चेहऱ्यावर राग-हसू काही उमटेना, आणि तेव्हा कुठे न्यूरोलॉजिस्टकडे गेलो. खालच्या मजल्यावरच्या काकांचंही निदान तेच, गोळीही तीच, मेंदूत डोपामिन भरून काढणारी लेव्होडोपा. पण त्यांचा उजवा हात मांडीवर ठेवला की हलायला लागतो आणि चालणं मात्र टकाटक, रोज टेकडी चढून येतात.

एकाच रोगाची दोन माणसं इतकी वेगळी कशी, हे माझ्या डोक्यातून जाईना. मी डॉक्टर नाही, अकाउंट्सवाली आहे, त्यामुळे हिशोब लागला नाही की झोप येत नाही. आपल्याला सांगतात ती गोष्ट अशी की मेंदूच्या तळाशी सबस्टॅन्शिया नायग्रा नावाचा भाग असतो, तिथल्या पेशी मरतात, त्या बनवतात ते डोपामिन, म्हणजे हालचालीसाठी लागणारं मेंदूतलं रसायन, कमी पडतं, संपलं. हे खरंच आहे. पण नुसतं तेवढंच असतं तर जितकं डोपामिन कमी तितकी सगळी लक्षणं जास्त असं दिसायला हवं होतं ना! स्कॅनमध्ये डोपामिनची घट मोजली तर हालचालीतला संथपणा आणि ताठरपणा तिच्याशी बऱ्यापैकी जुळतो, थरथर मात्र जुळत नाही. कमी घट आणि जोरदार थरथर असलेली माणसं भरपूर सापडतात.

नेदरलँड्समधल्या नाइमेखनच्या रिक हेल्मिख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ च्या सुमारास याचं जे उत्तर मांडलं ते मला फार पटलं. त्यांचं म्हणणं, थरथरीचं बटण बेसल गँग्लियात, म्हणजे मेंदूच्या आत खोलवर डोपामिन कमी पडतं त्याच भागात, पण ती किती जोरात होणार याचा रेग्युलेटर दुसऱ्याच सर्किटमध्ये, लहान मेंदू, थॅलॅमस (मेंदूच्या मधलं निरोप पुढे पाठवणारं ठाणं) आणि हालचालीचा कॉर्टेक्स (मेंदूचा बाहेरचा थर) यांना जोडणाऱ्या. या दोन सर्किट्सची आपसातली जोडणी प्रत्येकात सारखी नसते. आणि त्या दुसऱ्या सर्किटवर डोपामिनखेरीज नॉरॲड्रेनलिन या ताणाच्या वेळी वाढणाऱ्या रसायनाचाही जोर चालतो, म्हणून ताण आला की थरथर वाढते. काकांना डॉक्टरांनी शंभरातून सात सात वजा करत मोठ्याने म्हणायला लावलं आणि हात असा काही उडायला लागला की काकू घाबरल्याच, पण ते मुद्दाम करतात, थरथर नीट बघता यावी म्हणून. मॅचच्या शेवटच्या ओव्हरलाही तेच होतं, तिथे डॉक्टर लागत नाहीत!

बाबांची गोष्ट जास्त विचित्र आहे. सपाट जमिनीवर, त्यातही दाराच्या चौकटीत, त्यांचे पाय खिळतात. याला फ्रीझिंग म्हणतात. पण तेच बाबा जिना उतरतात ते भराभर, आणि बघणाऱ्याला वाटतं हा माणूस नाटकं करतोय (एका आत्याबाईंनी तसं बोलूनही दाखवलं, असो). कारण असं मानतात की पार्किन्सन्समध्ये डोपामिन आधी कमी होतं ते स्ट्रायटमच्या (बेसल गँग्लियाचाच एक भाग) मागच्या भागात, जो सवयीच्या, न विचार करता होणाऱ्या हालचाली सांभाळतो. चालणं ही तसलीच सवय. ती गेली की प्रत्येक पाऊल लक्ष देऊन, ठरवून टाकावं लागतं, त्यामुळे चालता चालता कुणी "जेवलात का" विचारलं तरी बाबा थांबतात. जिन्यावर मात्र समोर पायरी दिसते, डोळ्यांना खूण मिळते, आणि मेंदू बहुतेक दुसऱ्या वाटेने, नजर आणि हालचाल जोडणाऱ्या भागांमधून, काम करून घेतो.

पुण्याच्या मिलेहा सोनेजी या डिझायनरनी नेमकं हेच स्वतःच्या काकांमध्ये पाहिलं होतं आणि जमिनीवर जिन्याचा भास होईल असं चित्र चिकटवून त्यांना चालतं केलं, टेडवर त्यांचं भाषण आहे, जरूर बघा. ते बघून आम्ही हॉलपासून बाथरूमपर्यंत पिवळ्या टेपच्या आडव्या पट्ट्या मारल्या. घर बॅडमिंटन कोर्टासारखं दिसतं पण बाबा बाथरूमपर्यंत न अडकता जातात, निदान चांगल्या दिवशी.

हे सगळं सर्किट प्रकरण नुसतं वाचायला मजेचं नाही, त्यावर ऑपरेशनचे निर्णय ठरतात. डीबीएस (डीप ब्रेन स्टिम्युलेशन) या ऑपरेशनमध्ये मेंदूत खोल, सबथॅलॅमिक न्यूक्लियस या काही मिलिमीटरच्या ठिपक्यात तार बसवून विजेचे झटके देतात. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्यात बर्लिनच्या शारिटे हॉस्पिटलची मंडळी होती, असं दिसलं की तारेमुळे मेंदूचे भाग जोडणारे कुठले धागे चेतवले जातात त्यावर कुठलं लक्षण सुधारणार हे बरंचसं अवलंबून असतं. प्रायमरी मोटर कॉर्टेक्स आणि लहान मेंदूकडे जाणाऱ्या धाग्यांचा संबंध थरथरीशी, तर तोल आणि चालण्याचा संबंध सप्लिमेंटरी मोटर भाग (कॉर्टेक्सचाच हालचाली आखणारा भाग) आणि ब्रेनस्टेमकडच्या (मेंदूचा खालचा देठ) धाग्यांशी. म्हणजे पुढे कदाचित माणसाच्या तक्रारी बघून करंट कुठे द्यायचा हे ठरवता येईल. अजून हे रोजच्या वापरात आलेलं नाही, त्यामुळे कुणी तसं सांगून पैसे मागितले तर सावध राहा.

आत्ताचा साधा ठोकताळा आमच्या डॉक्टरांनी सांगितला तो असा की जे लक्षण लेव्होडोपाने सुधारतं तेच साधारण डीबीएसने सुधारतं, अपवाद थरथरीचा, ती गोळीला दाद देत नसली तरी तारेला देऊ शकते. बाबांचे पाय गोळीचा असर पूर्ण असतानाही खिळतात, म्हणून त्यांना ऑपरेशन नको म्हणाले, फिजिओथेरपी आणि पट्ट्या चालू ठेवा. काकांच्या तपासण्या सुरू झाल्यात. काकूंना ऑपरेशन नकोय आणि काकांना उद्याच हवंय, त्यामुळे खालच्या मजल्यावर सध्या रोज भांडण.