सादळलेली लेन्स

कासच्या पठारावर फुलांचा बहर सुरू झाल्याचे कळले, म्हणून जूनपासून कपाटात ठेवलेला कॅमेरा मी गणपतीच्या सुमारास बाहेर काढला. फोटो धुरकट येऊ लागल्यावर लेन्स काढून तिच्यामागे मोबाइलचा टॉर्च धरला, तेव्हा आतल्या भिंगाच्या कडेने कोळिष्टकासारखे पांढुरके तंतू पसरलेले दिसले. पावसाचा एक थेंबही अंगावर न घेतलेल्या लेन्सला बुरशी लागली होती. दुरुस्ती करणाऱ्याने भिंग पुसून दिले. पण बुरशीने भिंगावरचा लेप खाल्ला असल्यामुळे फिकट डाग राहिला, तो कायमचाच.

चूक माझीच होती. कातडी बॅगेत गुंडाळून, बंद कपाटात, कपड्यांच्या मागे ठेवणे म्हणजे सुरक्षित ठेवणे, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात कातडे ओल धरून ठेवते आणि अंधारी, कोंदट जागा बुरशीला मानवते. हवेतील सापेक्ष आर्द्रता बराच काळ ६० टक्क्यांच्या वर राहिली की धोका वाढतो, आणि आपल्याकडे पावसाळ्यात ती ८० च्या पुढे सहज जाते. पापड सादळू नयेत म्हणून घट्ट झाकणाचा डबा शोधणारे आम्ही, कॅमेऱ्याच्या बाबतीत मात्र निर्धास्त असतो.

आता माझा कॅमेरा रबरी कडेच्या हवाबंद प्लॅस्टिकच्या डब्यात असतो. सोबत सिलिका जेल, म्हणजे ओल शोषून घेणारे दाणे, आणि एक लहानसा आर्द्रतामापक ठेवतो. काटा ४० ते ५० च्या दरम्यान असला की पुरे. नारिंगी दाणे हिरवे झाले की ते ओव्हनमध्ये १२० अंशांच्या आसपास तापवून पुन्हा वापरता येतात. निळ्या दाण्यांत कोबाल्ट क्लोराइड हे विषारी द्रव्य असते, त्यामुळे ते स्वयंपाकाच्या भांड्यांपासून दूर ठेवावेत.

दुसरा त्रास वातानुकूलित गाडीचा. गार झालेला कॅमेरा दमट हवेत काढताच त्यावर दव धरते, आणि त्याच क्षणी लेन्स बदलली तर ती ओल आतल्या, चित्र टिपणाऱ्या सेन्सरपर्यंत पोहोचते. म्हणून गाडीतच तो प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करावा आणि उतरल्यावर अर्धा तास पिशवी उघडू नये. सेन्सरवरची धूळ तोंडाने फुंकू नये, कारण फुंकरीबरोबर थुंकीचे तुषारही जातात. रबरी फुगा वापरावा आणि कॅमेऱ्याचे तोंड खाली ठेवावे.

कॅमेरा भिजलाच तर ‘चालतो का’ हे पाहण्यासाठी बटण दाबण्याचा मोह आवरून आधी बॅटरी काढावी, मग कार्ड. तांदळाच्या डब्यात तो पुरू नये. तांदळाची पिठूळ धूळ फटींत शिरते, ते दुखणे वेगळेच.

हे लिहीत असताना बाहेर संततधार आहे. खोलीतला काटा ८४ वर आहे, डब्यातला ४६ वर.